बरडावरचं गवत

धावडदऱ्यात दुपार लवकर संपते. अहमदपूर आणि कंधार यांच्या मधल्या बालाघाटच्या डोंगरात हा दरा लांबट खोबणीसारखा पडलेला आहे. मावळतीचा डोंगर उंच. सूर्य जरा कलला की त्याची सावली आधी उतारावर, मग ओढ्यावर, मग गावातल्या मातीच्या धाब्यांवर सरकत येते. खाली ओढ्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, रब्बीच्या ज्वारीची आणि करडईची. थंडीत तिथं सकाळी धुकं साचून राहतं आणि हुरडा वरच्या गावांपेक्षा उशिरा येतो. काळीच्या वर तांबूस माळ, मूग-उडदापुरता. आणि माळाच्या वर बरड. बरड म्हणजे मुरूम, धोंडे, सीताफळीची झुडपं, कुठं धावडा, कुठं साळई, आणि उन्हाळाभर नुसती धग.

महानंदा या दऱ्यात सून म्हणून आली ती कंधारकडच्या एका गावाहून. घर लिंगायतांचं, दोन भावांचं. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या सिद्रामप्पानं काळी घेतली आणि धाकट्या शिवलिंगच्या, म्हणजे महानंदाच्या नवऱ्याच्या वाट्याला मावळतीचं बरड आलं. शिवलिंग भोळा. "डोंगर तर डोंगर," म्हणाला आणि अंगठा देऊन आला. पुढं दोनच पावसाळ्यांनी तो तापानं गेला. लेकरूबाळ नव्हतं. महानंदा माहेरी परत जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती गेली नाही. गावातल्या बाया तिला पाठीमागं 'धोंड्याची मालकीण' म्हणायच्या आणि सिद्रामप्पाची बायको पार्वतीबाई तोंडावर म्हणायची.

तिचा धाकटा भाऊ नागप्पा बहिणीला बघायला आला आणि बरडावर चढून आला. खाली येऊन म्हणाला, "अक्का, ह्या डोंगराला कुणी कवा इसावाच दिला न्हाई. सारा गाव चारतो. जनावरं आत येऊ दिली न्हाईत तर गवत येतंय बघ इथं. दुपारची सावली हाय, ओल राहती."

"जनावरं अडवायची कशानं?"

"धोंडे काय कमी हायत?"

त्या उन्हाळ्यात नागप्पा आपली लाल कंधारी बैलजोडी घेऊन बहिणीकडं येऊन राहिला. बैल ऐन भरातले, तांबडेलाल. त्यातला माणक्या तर असा की चढाला जू दुसऱ्याच्या मानेवर टाकायचाच नाही. डोंगराच्या अंगावरचे धोंडे गाडीनं ओढून भावाबहिणीनं उताराच्या पायथ्याला दगडाची पौळ घातली, छातीइतकी उंच. एका ठिकाणी कवाड ठेवलं आणि त्याला बोराटीची काटी लावली. नागप्पाच्या तळहातांची सालटं निघाली. महानंदा हळद-तेल लावायला लागली की तो म्हणायचा, "माणक्याच्या मानंला लाव आदी. त्यानं वढलंय, म्या नुसतं हाकलंय."

पुढच्या काही वर्षांत बरडानं रूप पालटलं. आधी नुसती कुसळी आली, मग पवना, मग मारवेल. तोडलेल्या धावड्यांना खोडातून फुटवे आले. पौळीच्या आत पायथ्याशी एक झिरा होता तो पूर्वी होळीलाच आटायचा, आता उन्हाळ्यातही टिपकत राहायला लागला. महानंदानं एक नियम धरला. बी झडून मातीत पडल्याशिवाय विळा लावायचा नाही आणि खूर तर कधीच आत येऊ द्यायचा नाही. दिवाळीनंतर ती गवत कापायची, पेंढ्या बांधायची, सीताफळं पाटीत घालून बाजाराला न्यायची. तिचं एकटीचं त्यावर भागायचं. तिला आता कुणी धोंड्याची मालकीण म्हणेना. पण तो शब्द ती विसरली नव्हती. गोड बोलणाऱ्या माणसाकडंही ती जरा बाजूनंच बघायची.

मग दुष्काळ पडला. आदल्या साली पाऊस अर्धवट होता, बहात्तर साली त्यानं तोंडच दाखवलं नाही म्हटलं तरी चालेल. दऱ्यावरून ढग जायचे, पलीकडच्या डोंगराला घासायचे आणि तेलंगणाकडं निघून जायचे. काळीला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या. ओढ्यात वाळू तापायची. विहिरी खरवडून झाल्या. गडीमाणसं आणि बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागल्या, आणि जेवणात सरकारी दुकानातली तांबडी मिलो ज्वारी आली. माणसं कशीतरी तगत होती. जनावरांना काहीच नव्हतं. लोकांनी घरावरचं जुनं काड काढून घातलं, कडुनिंबाचा पाला घातला, मग बाजाराची वाट धरली.

सगळ्या दऱ्यात एकच तुकडा पिवळा उभा होता. महानंदाचं बरड. आदल्या साली राखलेलं गवत, वर यंदाच्या चार शिंतोड्यांवर आलेलं थोडंसं. झिऱ्याला करंगळीएवढं पाणी होतं. बायांना ती घागरी घेऊन आत येऊ द्यायची, पाण्याला तिनं कधी ना म्हटलं नाही. गवताला मात्र म्हटलं.

एका सोमवारी महादेवाच्या देवळापुढं माणसं जमली आणि तिला बोलावणं आलं. सिद्रामप्पा बोलायला उभा राहिला. हा माणूस वाटणीनंतर कधी तिच्या उंबऱ्याला आला नव्हता.

"महानंदा, गावाची जनावरं मरून राहिलीत. बरड खुलं कर."

"खुलं केलं तर आठ दिसांत धूळ हुईल भाया. बी पडलं न्हाई आजून. मुळासकट उपटतील. म्होरल्या साली काय, धोंडे चाराल?"

"म्होरलं साल बगायला जनावर जगाय तर पायजे."

ती म्हणाली ते खोटं नव्हतं आणि सिद्रामप्पाचंही खोटं नव्हतं. कापून वाटून देता आलं असतं. थोडं थोडं, दर दावणीला पेंढी. तिच्याही मनात ते आलं होतं. पण समोर काळीचा मालक उभा होता, त्याच्यामागं तोंडाला पदर लावून पार्वतीबाई उभी होती, आणि महानंदाला इतक्या वर्षांचं सगळं एकदम आठवलं. तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं.

"वाटणीच्या दिशी धोंडे मह्या पदरात घातले तवा कुणी इचारलं न्हाई मला. आता धोंड्यावर गवत आलं तर समद्यांचं? लिंगाची आण हाय, मह्या सख्ख्या भावाला बी एक पेंढी देणार न्हाई!"

 ती घरी आली तेव्हा तिला बरं वाटत होतं. पहिल्यांदा त्यांचं तोंड बंद झालं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नागप्पा आला.

दुपार उतरत होती. खडीवरून सुटलेली माणसं पौळीच्या कडेकडेनं गावाकडं चालली होती. महानंदा कवाडाशी काटी नीट करत होती. खालच्या वाटेनं एक माणूस आणि दोन बैल येताना दिसले. बैलांच्या बरगड्या लांबून मोजता आल्या असत्या. तिनं बैल ओळखले नाहीत. भावाची चाल ओळखली.

नागप्पा घाट चढून, दरा उतरून आला होता. ओठ फुटले होते. त्यानं डोक्याचा पटका सोडून तोंड पुसलं आणि हसला.

"अक्का, बैलं आणल्यात. तिकडं आमच्या शिवारात काडी न्हाई राहिली. मी हिथंच खडीवर जातो. उभं गवत मागत न्हाई म्या, खाली पडलेलं, तुडवलेलं असंल ते खातील. माणक्याचं तेवढं बग, लई खाली आलाय."

चालणारी माणसं थांबली होती. एक थांबला, मग सगळेच थांबले. खडीची पाटी डोक्यावर तशीच धरून पार्वतीबाई म्हणाली, कुणाला उद्देशून नाही अशी, "बगू या आता, आण कितपत टिकती ती."

नागप्पाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो हसतच त्यांच्याकडं आणि बहिणीकडं बघत होता.

महानंदा खालच्या आवाजात एक वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं, की घरी चल, मग बघू. पण खालचा आवाज तिला सापडला नाही. ती मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"न्हाई जमायचं, नागप्पा. कुणालाच न्हाई म्हंजी कुणालाच न्हाई. भाऊ असो का आनखी कोन असो."

नागप्पाचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, त्याला काय करावं हे न कळल्यासारखं. माणक्यानं मान पुढं करून पौळीच्या दगडावर घासली. नागप्पानं कासरा आवळला.

"बरं, अक्का," एवढंच तो म्हणाला. बैल वळवले आणि आल्या वाटेनं निघाला. माणसं पांगली. कुणी हसलं नाही. पार्वतीबाईसुद्धा नाही. महानंदा कवाडाला धरून उभी राहिली ती भाऊ घाटाच्या वळणाआड जाईपर्यंत. मग तिनं काटी घट्ट बसवली. हातात काटा मोडला तो तिनं काढला नाही.

पुढच्या बाजाराला बांगड्यावाला कासार गावात आला. त्यानं बोलता बोलता सांगितलं की घाटात वरच्या वळणावर एक तांबडा बैल मरून पडलाय, आणि धनी त्याच्याजवळ दिवसभर बसून होता म्हणतात. दुसरा बैल त्यानं पडेल त्या भावानं दिला. जोडीतला एकटा बैल ठेवून करायचं काय?

महानंदा शेजारणीच्या ओसरीला टेकून ऐकत होती. ती तशीच उठून घरात गेली. त्या दिवसापासून ती गावातून जाताना भिंतीच्या कडेनं जायला लागली. तिला कुणी काही म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं. उत्तरं तिच्याजवळ पुष्कळ होती. बी पडलं नव्हतं, खूर लागला असता, एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागलं असतं. ही सगळी उत्तरं खरी होती आणि एकटी बसली की त्यातलं एकही तिच्याजवळ टिकत नसे.

बी झडलं तरी त्या साली तिनं विळा लावला नाही. होळी झाली. झाडं खराटा झाली, फक्त पळस पेटल्यासारखा फुलला. आणि एका दुपारी बरडाच्या वरच्या अंगाला धूर दिसला. कुणाच्या विडीनं लागलं की मध काढणाऱ्याच्या पलित्यानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वाळलेलं गवत, वरून वारा. आग उतारावरून खाली यायला लागली. महानंदा एकटीच फांदी घेऊन वर धावली आणि आगीच्या समोर वेड्यासारखी झोडत सुटली. पवन्याचे बुडखे तडतडत होते. लावे, होले, ससे तिच्या पायाशेजारून खाली पळत होते.

मग तिला मागून आवाज ऐकू आले. गाव येत होतं. खडीवरची माणसं काम टाकून आली होती. सिद्रामप्पा पुढं होता. "वाऱ्याच्या तोंडाला जाऊ नका, बाजूनं झोडा!" तो ओरडत होता. बायांनी झिऱ्यात लुगडी भिजवून आणली. पार्वतीबाई पळसाच्या ओल्या डहाळ्यांचा भारा घेऊन थेट जाळापर्यंत गेली आणि पदरानं तोंड बांधून झोडायला लागली. दिवस मावळायच्या आत आग विझली. वरचा आणि मधला डोंगर काळा झाला होता. पायथ्याचा तेवढा एक पट्टा वाचला.

लोक धापा टाकत पौळीला टेकून बसले. पार्वतीबाईचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. ती तो हात वर धरून बसली होती आणि रडत नव्हती. महानंदा तिच्यासमोर गेली.  ती म्हणाली,

"ऱ्हायलेलं घेऊन जा. समदं घेऊन जा."

पार्वतीबाईनं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, थकून.

"आता व्हय? आमच्या दावणीला खुंटे तेवढे ऱ्हायलेत, महानंदे."

तरीही ज्यांची जनावरं उरली होती त्यांनी दुसऱ्या दिवशी विळे आणले. महानंदा स्वतः कापत होती आणि भारे दुसऱ्यांच्या डोक्यावर देत होती. कुणी तिला टोमणा मारला नाही. तिनं जे राखलं होतं त्यातलं बहुतेक कुणाच्याच पोटात गेलं नव्हतं. हे सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. त्या न बोलण्यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या साली पाऊस आला. मुळं शाबूत होती. राखेवरून गवत असं उठलं की जळालं होतं हे सांगावं लागलं असतं. महानंदानं गावाला सांगितलं, खूर आत आणू नका, पण बी झडल्यावर विळा घेऊन कुणीही या. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर अख्खा गाव कापायला यायचा. कापणीच्या दिवसात ती पौळीजवळ फिरकायची नाही. कुणी आभाराचं बोललेलं तिला सोसायचं नाही.

नागप्पा दरवर्षी नागपंचमीला बहिणीला आणायला मुऱ्हाळी धाडायचा. पहिल्या वर्षी चुलतभाऊ आला, पुढं कधी गावचा कुणी. "अक्काला घेऊन या म्हणलंय." महानंदा दरवेळी काहीतरी कारण काढायची. कधी पाय दुखायचा, कधी म्हैस व्यायला झालेली असायची. मुऱ्हाळी जेवून परत जायचा आणि ती पंचमीच्या दिवशी घराला कडी लावून बसायची. असं करता करता जवळजवळ दहा वर्षं निघून गेली.

ब्याऐंशी साली लातूरचा नवा जिल्हा झाला. धावडदरा तोवर उस्मानाबादेत होता. तिकडं कामाला जायचं म्हणजे लोकांना परदेशासारखं वाटायचं. आता कचेरी जवळ आली. नवीन जिल्ह्याचे नवीन साहेब जीपमधून गावोगाव फिरायला लागले. त्यातला एक तरुण अधिकारी दऱ्यात उतरला आणि जीप थांबवून बघतच राहिला. आजूबाजूचे सगळे डोंगर उघडेबोडके आणि मधेच हा एक उतार, कमरेएवढं गवत, धावड्याची दाट झाडी, खाली वाहता झिरा. त्यानं चौकशी केली. गाव आता तिच्याबद्दल अभिमानानं बोलायचं. दुष्काळातसुद्धा बाईनं डोंगर सोडला नाही, असं सांगितलं. काय काय सांगितलं ते महानंदाला कळलं नाही.

महिन्याभरानं निरोप आला. लातूरला कार्यक्रम आहे, जिल्ह्यातल्या कर्तबगार शेतकऱ्यांचा सत्कार आहे, बाईंनी यायचं.

"मी येत न्हाई," महानंदा म्हणाली.

सिद्रामप्पा आता म्हातारा झाला होता. तो काठी टेकत तिच्या ओसरीवर येऊन बसला.

"जा, महानंदा. तुझ्या निमतानं दऱ्याला रस्ता मिळंल. आन तुला लाज कशाची?"

त्यानं सहज विचारलं होतं. ती आत गेली आणि चुलीपुढं उगाच बसून राहिली. पण रस्त्याचं ऐकून ती गेली.

मंडप मोठा होता. व्यासपीठावर खुर्च्या, हार, पाण्याचे पेले. महानंदाला पुढच्या रांगेत बसवलं होतं. तिचं नाव पुकारलं गेलं, ती वर गेली आणि तो तरुण अधिकारी माईकसमोर उभा राहून तिची ओळख करून द्यायला लागला. त्याचा आवाज चांगला होता. मनापासून बोलत होता.

"बहात्तरच्या दुष्काळात या माउलीनं आपल्या डोंगरावर एकही जनावर येऊ दिलं नाही. गावाचा रोष पत्करला. इतकंच काय, यांचा सख्खा भाऊ बैल घेऊन दारात आला, त्यालाही यांनी परत पाठवलं. पण डोंगर राखला! अशी निष्ठा असेल तर आपला जिल्हा हिरवा व्हायला वेळ लागणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागचे लोक उभे राहून बघायला लागले. महानंदाला वाटलं, अंगावरची कातडी कुणी ओढून काढतंय. तिनं मान खाली घातली ती इतकी की हार घालणाऱ्या पाहुण्यांना वाकावं लागलं. कुणीतरी शाल अंगावर टाकली, कुणी हातात नारळ दिला. ती माईकसमोर ढकलली गेली.

"दोन शब्द बोला, आई."

"धोंडे मह्या भावाच्या बैलानं वढल्यात," ती म्हणाली. मग ती माईकपासून मागं सरली.

पुन्हा टाळ्या पडल्या. "किती साधी बाई आहे," असं खाली उतरताना तिला कुणीतरी म्हणताना ऐकू आलं.

गावचे लोक जेवणाच्या पंगतीकडं गेले. महानंदा मंडपाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडली. स्टँडवर येऊन तिनं कंधारची गाडी विचारली. गावाकडं जायचं तिला धैर्य नव्हतं. माहेराकडं जायचंही नव्हतं. पण जिथं इतकी माणसं त्या गोष्टीला टाळ्या वाजवतात तिथून ज्याच्यावर ती गोष्ट गुदरली त्याच्याकडंच जायला हवं, एवढंच तिला कळत होतं.

संध्याकाळी ती भावाच्या दारात उभी राहिली. नागप्पाची बायको शिवकांता अंगण झाडत होती. तिनं वर बघितलं, झाडू टाकला आणि ओरडलीच.

"वन्सं! अहो, बाहेर या, कोन आलंय बगा!"

नागप्पा बाहेर आला. केस पिकले होते. तो बहिणीकडं बघत राहिला, मग म्हणाला, "आलीस व्हय अक्का," आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. शिवकांतानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, शेजारणींना हाका मारल्या. दोघी-तिघी येऊन बसल्या. शिवकांताचं तोंड थांबेना.

"ह्याच आमच्या वन्सं. मी सांगत असते न्हव? बहात्तरला बैल रोगानं पडला घाटात, हे परत आले ते असे की वळखू यीनात. पर म्हणाले, अक्कानं तवा बी उपाशी लावलं न्हाई. गवत तिच्याजवळ बी नव्हतं, पर सवताच्या ताटातली भाकर-पिठलं मला वाढलं, वाटंला बी बांधून दिलं. त्या दिसांत, बाई! सख्खी भैण म्हून." ती महानंदाकडं वळली. "दहा वर्सं झाली, तुमचे पाय धरायचे ऱ्हायले होते माझे."

आणि ती खरोखरच वाकली.

महानंदानं भावाकडं बघितलं. नागप्पा खांबाला टेकून बसला होता. त्यानं अगदी थोडी मान हलवली. नको, असं.  तिनं भावजयीला उठवून जवळ घेतलं. शेजारणी डोळे पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागप्पा तिला गाडीपर्यंत सोडायला निघाला. गाव मागं पडल्यावर ती थांबली.

"खोटं कामून सांगितलंस, नागप्पा?"

"काय सांगायचं होतं मग? भैणीनं दारातून हाकललं म्हणून? घरात तुझं नाव निघायचं बंद झालं असतं."

"मला मारायचं होतंस. गावासमोर थोबाडीत द्यायची होतीस."

नागप्पा रस्त्याकडंच्या बाभळीच्या शेंगा पायानं बाजूला सारत राहिला. मग म्हणाला,

"गवताचं मला तवाच समजलं होतं अक्का. तू आडकली होतीस. घाटात एक गडी भेटला, त्यानं सांगितलं तुझ्या आणंचं. आन माणक्या काय, तो तसा बी जगला नसता. पर तू पाणी बी इचारलं न्हाईस. झिरा तिथं वाहत होता. मला आयकू येत होता."

महानंदा तिथंच रस्त्यावर खाली बसली. दहा वर्षं ती गवतासाठी जळत होती. पाण्याचं तिच्या ध्यानातच आलेलं नव्हतं.

"वैनीला सांगून टाकते मी," ती शेवटी म्हणाली. "मागं फिरते आन सांगते."

"सांगू नगंस." तो पहिल्यांदा जरा कडक बोलला. "तुझं मन हलकं हुईल. तिनं काय करायचं त्याचं? इतकी वर्सं दहा जणींत सांगत आलीय, तिचं हसू करू नगंस. आन मह्या शब्दाचं बी."

"लातुरात साहेबानं भर मंडपात सांगितलंय. हिकडं आलं तर?"

"आलं तर म्हणीन, साहेब लोक मीठमिरची लावून बोलत्यात." त्यानं तिला हाताला धरून उठवलं. "पंचमीला येत जा. तेवढं कर."

गाडी आली. ती बसली. खिडकीतून भाऊ दिसेनासा झाल्यावर तिनं शाल पिशवीतून काढली आणि शेजारी एक म्हातारी कुडकुडत होती तिच्या अंगावर घातली. कुठून आली, कशाची, काही सांगितलं नाही.

पुढच्या पंचमीला ती मुऱ्हाळ्याची वाट न बघता माहेरी गेली आणि नंतर दरवर्षी जात राहिली. दऱ्याला रस्ता झाला. बरडाच्या गवताचं बी इतर गावचे लोक मागून न्यायला लागले, ती ओंजळी भरून द्यायची. तिच्याकडून कधी कुणी रिकामं परत गेलं नाही, आणि त्याबद्दल तिला कधी बरं वाटलं असं कुणी पाहिलं नाही.

पंचमीला शिवकांताच्या अंगणात बाया जमायच्या, झोका बांधायच्या, लाह्या वाटायच्या. दरवर्षी कुणीतरी नवी सून असायची आणि शिवकांता तिला दुष्काळातली ती गोष्ट सांगायची. सांगता सांगता ती वाढत गेली. आधी नुसतं भाकर-पिठलं होतं. एका वर्षी त्यात ठेचा आला. पुढं कधीतरी वन्संनी भावाच्या पाठीवरून हात फिरवला, असं आलं. आणि एका पंचमीला त्यात तूपही आलं. बहात्तर सालचं तूप! नागप्पा तेव्हा उठून गोठ्याकडं निघून गेला.

महानंदा एकदा म्हणाली, "वैनी, मी..."

"गप्प बसा हो," शिवकांता म्हणाली. "तुमाला सवताचं चांगलं सांगितलेलं कवाच आवडत न्हाई." आणि तिनं पुरणाचं वाफाळतं दिंड ताटात टाकून त्यावर तुपाची धार धरली. महानंदा खाली बघत हळूहळू खात राहिली.